गर्भपाताच्या गोळ्या घेऊन १५ दिवस झाले, आता क्युरेटिंग (पिशवी साफ) करा म्हणतायत. करू का थांबू?

पिग्मीवाली (शुक्रवार, रात्री ११.१०)

नमस्कार. हा आयडी नवीन काढलाय, जुन्यावर नात्यातल्या दोघी आहेत म्हणून. लांबलचक लिहिणार आहे. अर्धवट सांगितलं की उत्तरं पण अर्धवट मिळतात, काउंटरवर बसून हे रोज बघते.

वय ३१, एका पतसंस्थेत क्लार्क. कोल्हापुरात फुलेवाडीला राहतो. मुलगी सव्वादोन वर्षांची. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, शिफ्ट ड्युटी. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. त्यांना यातलं काही माहीत नाही, पाळीचा त्रास चाललाय एवढंच सांगितलंय.

पाळी आठ दिवस पुढं गेली तेव्हा घरी टेस्ट केली, दोन रेघा. दुसरं आत्ता नको यावर आमचा दोघांचा काही वाद नव्हता. पण मार्च एंडिंग. सुट्टी मागायची सोय नाही, त्यात आठवडा गेला. मग राजारामपुरीतल्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. नाव लिहिणार नाही, मेसेज करून पण विचारू नका.

सोनोग्राफीच्या आधी फॉर्म भरून घेतला. मुलगे किती, मुली किती, वयं काय. एक मुलगी म्हटल्यावर तिथल्या बाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. सहा आठवड्यांच्या ठिपक्यात काय दिसतंय हो? रिपोर्ट आला: ६ आठवडे ३ दिवस, पिशवीतच आहे, गोळ्यांनी होईल. पॅकेज ५,५००, सोनोग्राफी वेगळी. मी सही केली, तर म्हणाले नवऱ्याची पण पाहिजे. हे सेकंड शिफ्टला गेलेले, त्यांना परत बोलावलं. पैसे रोख घेतले आणि पावती दिली नाही. आमच्या धंद्यात बिनपावतीचा पैसा म्हणजे पैसाच नव्हे, म्हणून ते अजून डोक्यात आहे.

पहिली गोळी शुक्रवारी तिथंच, डॉक्टरांच्या समोर. बाकीच्या चार घरी नेऊन रविवारी घ्यायच्या, दोन दोन गालात धरायच्या, अर्ध्या तासानं उरलेलं गिळायचं. हे सगळं सिस्टरनं गोळ्यांच्या पाकिटावर लिहून दिलं. डॉक्टर एकूण चार मिनिटं बोलले असतील. शेवटचं वाक्य, "जास्त गेलं तर फोन करा." जास्त म्हणजे किती? व्याजदर किती म्हणून विचारलं आणि मी "जास्त" म्हणाले तर चालेल का?

रविवारी सकाळी नवरा मुलीला घेऊन रंकाळ्यावर गेला. आठ वाजता गोळ्या धरल्या. साडेनऊला कळा सुरू झाल्या, थंडी वाजून आली, दोनदा जुलाब. दुपारी गुठळ्या पडल्या. पहिले तीन तास तासाला एक पॅड, मग कमी झालं. संध्याकाळी उठून आमटीभात खाल्ला. बाळंतपणातलं सोसलेलं असल्यामुळं असेल, फार घाबरले नाही. पिग्मीच्या जुन्या डायरीत मागच्या पानावर लिहीत गेले:

रविवार ८ पॅड, सोमवार ५, मंगळवार ४. पुढं दहाव्या दिवसापर्यंत रोज दोन-तीन. त्यानंतर तपकिरी डाग, दिवसाला एक. ताप नाही, वास नाही. कंबर दुखते, पण ती काउंटरवर बसून एरवीही दुखते.

आज पंधरावा दिवस, फॉलोअप. वेटिंगमध्ये दहा-बारा माणसं. रिसेप्शनवरच्या पोरीनं तिथनंच आवाज दिला, "ॲबॉर्शनच्या फॉलोअपच्या कोण आहेत?" दोन मिनिटं मी उठलेच नाही. मग परत सोनोग्राफी, ११०० रुपये. रिपोर्टमध्ये लिहिलंय, सॅक (गर्भाची थैली) दिसत नाही, एंडोमेट्रियम (पिशवीचं अस्तर) १४ एमएम, आत थोडे अंश राहिल्याची शक्यता. डॉक्टरांनी कागद बघितला. मला टेबलावर घेतलं नाही, किती जातंय ते विचारलं नाही, डायरी पर्समध्येच राहिली. "थोडं राहिलंय. उद्या उपाशीपोटी या, क्युरेटिंग करून टाकू." भूल, एक दिवस ॲडमिट, १२ हजार. थांबलं तर चालेल का विचारलं, तर म्हणाले, "इन्फेक्शन झालं तर जबाबदारी तुमची."

घरी येऊन शंका म्हणून टेस्ट केली. दुसरी रेघ फिकट, पण आलीच. म्हणजे अजून आहे का आत? उद्या सकाळी जायचंय का नाही ते आज रात्री ठरवायचंय. कुणाला यातलं खरंच माहीत असेल तर सांगा. काढा, पपई आणि देवाधर्माचं सांगू नका.

---

निवृत्त_सिस्टर (शुक्रवार, रात्री ११.५२)

बाळ, उद्या उपाशीपोटी जाऊ नकोस. म्हणजे कुठंच जाऊ नकोस असं नव्हे, दुसऱ्या डॉक्टरला दाखव. पण उद्या सकाळी धावत सुटण्यासारखं तू लिहिलेल्यात मला काही दिसत नाही.

मी २६ वर्षं सरकारी लेबर वॉर्डात काढली, आता गडहिंग्लजला घरी असतो. (पुण्याच्या मंडळींसाठी: मी बाईच आहे. आमच्याकडं बायका पण "मी आलो, मी गेलो" म्हणतात.) मी डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून पुढं तपासून घे.

पहिली गोष्ट टेस्टची. ती रेघ अंगातल्या हार्मोनवर येती. गर्भ पडला म्हणून हार्मोन दुसऱ्या दिवशी संपत नाही, तीन-चार आठवडे रेंगाळतं. पंधराव्या दिवशी घरची टेस्ट करून शेकडो बायका रडत आलेल्या बघितल्यात. चार आठवड्यांनी कर. तेव्हाही रेघ ठळक असली, नाहीतर उलट्या-मळमळ तशीच राहिली, तर मात्र बघायला लागतंय.

दुसरं, तुझ्या रिपोर्टमधले कामाचे शब्द "सॅक दिसत नाही" हे आहेत. म्हणजे गर्भ वाढत नाही. राहिली १४ एमएमची जाडी. गोळ्या घेतल्यावर दोन आठवड्यांनी पिशवीत रक्त, गुठळ्या, अस्तराचे तुकडे असणारच. ते पुढच्या पाळीपर्यंत आपोआप जातात. नुसती जाडी बघून पिशवी खरवडत नाहीत. बाईला ताप आहे का, पोट दाबल्यावर दुखतंय का, पांढरं-पिवळं वास मारणारं जातंय का, रक्त किती जातंय, हे बघून ठरवतात. म्हणून तर विचारतो, तुला टेबलावर घेतलं नाही म्हणजे काय? हात न लावता १२ हजार?

आता जास्त म्हणजे किती. दोन मोठे पॅड एका तासात पूर्ण भिजले, आणि असं सलग दोन तास झालं, तर ते जास्त. मग रात्र असो, पाऊस असो, १०८ ला फोन करायचा. गोळ्यांच्या दिवशी थंडी-ताप येतो, तो गोळीचाच. पण २४ तास उलटल्यावर १००.४ च्या वर ताप आला, तर दवाखाना. चक्कर येऊन डोळ्यापुढं अंधारी, खांद्यात कळ, एका बाजूला जीव जाईल असं दुखणं, तरी दवाखाना. आणि चार गोळ्या घेऊन दिवसभरात काहीच गेलं नाही तर ते पण चांगलं नव्हं, ते कुणी सांगतच नाही.

आणि खरंच साफ करायची वेळ आली, तर क्युरेटिंग नको, सक्शन करा म्हणून सांग. क्युरेटिंग म्हणजे लोखंडी चमच्यानं खरवडणं. जागतिक आरोग्य संघटना किती वर्षं झाली सांगतीय की ते सोडा. एमव्हीए म्हणून प्लास्टिकची मोठी सिरिंज असते, हातानं ओढायची. जागेवर भूल देऊन पण होतंय, तासा-दोन तासात बाई घरी. तरी आपल्याकडं सगळ्याला क्युरेटिंगच म्हणतात, तेव्हा आधी विचार त्यांच्याकडं नेमकं काय करतात. कधी कधी त्याच्या आधी मिसोच्या, म्हणजे तू रविवारी घेतल्यास त्याच, आणखी गोळ्या पण देतात. ते डॉक्टरनं ठरवायचं, दुकानातून आणून तू घ्यायच्या नाहीत.

रक्तगट काय तुझा? निगेटिव्ह असेल तर अँटी-डीच्या इंजेक्शनचं कुणी बोललं का? आणि हिमोग्लोबिन?

शेवटचं. पुढं दिवस राहू नयेत म्हणून काय करायचं हे त्या चार मिनिटांत कुणी सांगितलं? माझी पैज, नाही. पाळी यायच्या आधीच, दोन आठवड्यांत सुद्धा बीज सुटू शकतंय. "अजून पाळी आली नाही म्हणजे काही होत नाही" म्हणून दोन महिन्यांत परत आलेल्या मी मोजून थकलो. कॉपर टी पिशवी रिकामी आहे याची खात्री झाल्यावर बसवतात. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यातनं एकदा. छायाची गोळी आठवड्याची, तिच्यात हार्मोन नाही. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. विचार करून ठेव.

डायरी लिहिलीस ते लई शहाणपणाचं केलंस. जाशील तिथं पहिल्यांदा ती टेबलावर ठेव.

---

सूतगिरणी (शनिवार, सकाळी ७.२०)

सिस्टरांचं बरोबर आहे, पण माझी गोष्ट पण वाच, म्हणजे "थांबायचं" याचा अर्थ कळेल.

मी इचलकरंजीची. चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मित्राकडून या गोळ्यांचं किट आणलं. डॉक्टर नाही, सोनोग्राफी नाही, किती दिवसांचं आहे ते बोटांवर मोजलेलं. गोळ्या ९ आठवड्यांपर्यंत म्हणजे ६३ दिवसांपर्यंतच घ्यायच्या असतात हे मला नंतर कळलं. माझे अकरा झालेले निघाले. वीस दिवस अंगावरून जात होतं आणि मी "आज कमी आहे, उद्या थांबेल" करत कामावर जात होते. एकविसाव्या रात्री बाथरूममध्येच पडले. हिमोग्लोबिन ६.८, दोन बाटल्या रक्त चढवलं, सक्शन केलं. डॉक्टरीणबाई बोलायला कडक होत्या, पण काम नीट केलं. एक शब्द टोचून बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, गर्भ नळीत असता तर या गोळ्यांनी काही झालं नसतं आणि नळी फुटली असती. त्याचसाठी आधी तपासणी.

तेव्हा थांब, पण मोजत थांब. तू मोजतेसच म्हणा.

---

रंकाळा_वॉकर (शनिवार, सकाळी ८.०५)

एवढं सगळं करण्यापेक्षा आधीच काळजी घेतली असती तर? सुशिक्षित लोक असं वागतात याचं आश्चर्य वाटतं.

---

निवृत्त_सिस्टर (शनिवार, सकाळी ८.११)

भावा, फिरून झालं असलं तर घरला जा. कंडोम फाटतो, कॉपर टी सरकती, नसबंदी झालेल्या बायका पण माझ्यासमोर आल्यात. कायद्यातच लिहिलंय साधन फसलं तर म्हणून.

---

बावड्याचा_ज्युनिअर (शनिवार, दुपारी १.३०)

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात वकिलांकडं ज्युनिअर आहे. वैद्यकीय बाजू कळत नाही, कायद्याचं तेवढं सांगतो.

१) नवऱ्याची सही लागत नाही. १८ पूर्ण असलेल्या बाईची स्वतःची संमती पुरे, त्यासाठीचा फॉर्म सी तिच्याच सहीचा असतो. दवाखाने नंतर कटकट नको म्हणून सही घेतात, कायदा मागत नाही. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात साधन फसल्याचं कारण लग्न झालेल्या बाईपुरतंच होतं, २०२१ च्या दुरुस्तीनं "नवरा" जाऊन "जोडीदार" आला. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीत लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही.

२) नाव फोडणं हा गुन्हा आहे. त्याच दुरुस्तीतलं कलम ५ए, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. वेटिंगमध्ये ओरडणं त्यात बसतं का यावर वाद घालता येईल, पण डॉक्टरांना पत्रात या कलमाचा आकडा लिहिला तर ते रिसेप्शनिस्टला पुढच्या वेळी हळू बोलायला सांगतील.

३) नंबर टाकायची सवय लागलीय, तिसरं काही नाही. कागद सगळे मागून घ्या, एवढंच.

---

औषधवाला_महाद्वार (शनिवार, रात्री १०.४५)

दुकान बंद करून लिहितोय. त्या फॉर्मचं आणि मान वर करून बघण्याचं तुम्ही लिहिलंय, त्यावर.

तो फॉर्म एफ. लिंगनिदान बंदीच्या कायद्यातला, गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरावाच लागतो, त्यात दवाखान्याचा दोष नाही. आपल्या जिल्ह्यावर हा डाग जुना आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. म्हणून तर कलेक्टर लक्ष्मीकांत देशमुखांच्या काळात सोनोग्राफी मशिनना "सायलेंट ऑब्झर्व्हर" (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र) बसले. मग २०१७ ला शेजारी म्हैसाळचं प्रकरण झालं, ओढ्यात पुरलेले १९ गर्भ सापडले. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

पण झालं काय, धाक बसला तो चुकीच्या जागी. नऊ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत मुलगा का मुलगी दिसतच नाही, म्हणजे या किटचा आणि त्या पापाचा संबंध नाही. तरी तपासणीला साहेब आले की पहिल्यांदा किटचीच बिलं आणि चिठ्ठ्या मोजायचे. एक चिठ्ठी कमी भरली तर दिवसभर उभं. वडिलांनी एक दिवस हात जोडले आणि किट ठेवायचंच बंद केलं. आता चिठ्ठी घेऊन खरी गरजू बाई आली तरी मी "नाही" म्हणतो आणि ती दवाखान्याच्या पॅकेजला जाते. सूतगिरणीताईंसारख्या मित्राकडून आणतात. चिठ्ठीशिवाय देणारे पण असतात, ते कुणाला माहीत नाही असं नाही.

किटची छापील किंमत काही शेकड्यांत असते. बाकी पॅकेज कशाचं ते तुम्हीच हिशेबाला बसा, तुमचं खातंच ते आहे.

---

पिग्मीवाली (शनिवार, रात्री ११.३०)

सगळ्यांचे आभार. आज गेले नाही. दवाखान्यातून दोन फोन आले, नवऱ्यानं "घरात अडचण आहे" सांगितलं. रक्तगट बी पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन कुणी बघितलंच नाही. पुढं काय करायचं याचंही कुणी बोललं नाही, सिस्टर पैज जिंकल्या. सोमवारी सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, जाते.

---

पिग्मीवाली (पाच आठवड्यांनी)

अर्धवट सोडून गेलेले धागे मला आवडत नाहीत, म्हणून आलेय.

त्या सोमवारी सीपीआरला केसपेपर काढला. गर्दीचं काय सांगायचं, बाकावर जागा नाही, एका बाईचं बाळ अर्धा तास माझ्याच मांडीवर. अडीच तासांनी नंबर आला. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान पोरगी, डोळ्याखाली काळं, रात्रपाळी करूनच आलेली असणार. डायरी टेबलावर ठेवली. तिनं पानं उलटली, पिग्मीचे आकडे कुठले आणि पॅडचे कुठले ते विचारलं, हसली. मग पोट दाबून बघितलं, आतून तपासलं. हिमोग्लोबिन १०.२. म्हणाली, दोन मार्ग आहेत, आणखी गोळ्या देते किंवा पुढच्या पाळीपर्यंत थांबा, तुमची इच्छा. ताप आला किंवा पॅड भरायला लागले तर तसंच उठून यायचं. "तुमची इच्छा" हे ऐकायची सवय नव्हती, मीच गोंधळले. थांबते म्हणाले.

शुक्रवारी ऑफिसात एक लहान गुठळी गेली, दोन दिवसांत डाग बंद. तिसाव्या दिवशी टेस्ट केली, एकच रेघ. अडतिसाव्या दिवशी, रविवारी, पाळी आली. पाच दिवस, नेहमीसारखी. सिस्टर म्हणाल्या तसं झालं, पण सगळ्यांचं तसंच होईल असं नाही, सूतगिरणीचं वाचा.

आत्तींनी मधल्या काळात एक दिवस हळिवाचे लाडू करून डबा माझ्या टिफिनशेजारी ठेवला. काही बोलल्या नाहीत. हळीव आमच्यात बाळंतिणीला देतात.

मागच्या गुरुवारी राजारामपुरीत जाऊन कागद मागितले. फाईल आत आहे, डॉक्टर बाहेर आहेत, नंतर या. बसून राहिले. वेटिंगमधल्या बायका बघायला लागल्या, तसे कागद आले. पावती पण मागितली. "आता कुठली पावती?" रिसेप्शनवरची म्हणाली. ५,५०० ची, मी म्हणाले. मिळाली, त्या दिवसाची तारीख घालून, "कन्सल्टेशन" लिहून. घेतली.

छाया सुरू केलीय, पाळीच्या पहिल्या दिवसापासून. तीन महिने रविवार-बुधवार, मग आठवड्यातनं एकदाच. सुरुवातीला पाळी जास्त पुढं गेली तर या, म्हणालेत. सिस्टर, जास्त म्हणजे किती?

---

निवृत्त_सिस्टर

पंधरा दिवस. त्याच्यावर एक दिवस गेला की टेस्ट कर. डायरीत लिही.